ई-सिगारेट आणि शरीर : नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छातीच्या ओपीडीत आणि तंबाखूमुक्तीच्या समुपदेशनात ई-सिगारेटबद्दल जे विचारलं जातं, ते इथे एकत्र केलं आहे. विचारणारे साधारण तीन प्रकारचे असतात. कॉलेजातल्या मुलामुलींचे आईवडील, सिगारेट सोडू पाहणारे लोक, आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणारे, ‘खर्र्यापेक्षा हे बरं ना?’ असं विचारणारे. तिघांना एकच उत्तर देता येत नाही. कोणताही अभ्यास वाचताना तो कोणत्या माणसांवर झाला आणि त्यांची तुलना कोणाशी केली, हे आधी बघा. माझा सगळा आग्रह त्या एका गोष्टीसाठी आहे.

ई-सिगारेटमध्ये नेमकं असतं काय?

एक बॅटरी, तारेचं बारीक वेटोळं म्हणजे कॉइल, कापसाची वात आणि लिक्विड. तोंडाने ओढलं की कॉइल तापते, वातीत भिजलेलं लिक्विड उडतं आणि थंड होताना त्याचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. तेच थेंब छातीत जातात. सगळे याला वाफ म्हणतात, पण भात शिजताना येते तशी ही पाण्याची वाफ नाही. लिक्विडमध्ये प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि बहुतेक वेळा निकोटीन असतं. आज आपण पाहतो त्या धर्तीचं उपकरण चीनमधले औषधनिर्माते होन लिक यांनी २००३ मध्ये बनवलं.

निकोटीनच्या प्रमाणाकडे नीट लक्ष द्या. नव्या पॉडमध्ये, म्हणजे लिक्विड भरलेल्या छोट्या कुपीत, निकोटीनचं सॉल्ट वापरतात. त्यात आम्ल मिसळलेलं असल्यामुळे घशाला चरका बसत नाही आणि खूप जास्त निकोटीन सहज ओढलं जातं. अमेरिकेत गाजलेल्या ‘जूल’च्या पॉडमध्ये दर मिलिलिटरला ५९ मिलिग्रॅमपर्यंत निकोटीन होतं. युरोपीय संघात कायद्याने मर्यादा आहे २० मिलिग्रॅमची. पहिल्यांदाच ओढणाऱ्या पोराला ठसका लागत नाही, त्यामुळे आपण किती घेतोय हे त्याला कळतही नाही.

भारतात तर बंदी आहे ना?

आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. साठ्याची शिक्षा यापेक्षा कमी आहे; बाकीच्यांसाठी पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. त्याआधी मे २०१९ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनेही श्वेतपत्रिका काढून संपूर्ण बंदीची शिफारस केली होती.

ओढण्याच्या कृतीला या कायद्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पोलिसांच्या भीतीने पेशंट डॉक्टरांपासूनही लपवतात. बंदीचा दुसरा परिणाम असा की चोरून जे विकलं जातं त्याची तपासणी कोणीच करत नाही. पाकिटावर ‘शून्य निकोटीन’ छापलेलं असेल, आत काय आहे ते तपासून बघेपर्यंत कोणालाच ठाऊक नसतं.

सिगारेटपेक्षा कमी घातक, हे खरं की खोटं?

रोज सिगारेट ओढणाऱ्याने ती पूर्ण सोडून फक्त ई-सिगारेट घेतली, तर त्याच्या शरीरात जाणारी विषारी द्रव्यं खूप कमी होतात. हे खरं आहे. २०१४ मध्ये १२ ब्रँडच्या ई-सिगारेटची वाफ तपासली, तेव्हा मोजलेली विषारी द्रव्यं सिगारेटच्या धुरापेक्षा ९ ते ४५० पटींनी कमी सापडली. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या १८१ जणांची लाळ आणि लघवी तपासली गेली. तंबाखूतल्या एका जहाल कर्करोगकारक रसायनाची खूण लघवीत उतरते. सिगारेट सोडून किमान सहा महिने फक्त ई-सिगारेट घेणाऱ्यांमध्ये ती खूण ओढणाऱ्यांपेक्षा ९७ टक्क्यांनी कमी होती.

याच अभ्यासातला पुढचा भाग मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही. सिगारेटही ओढायची आणि ई-सिगारेटही, अशा लोकांच्या शरीरात विषारी द्रव्यं नुसती सिगारेट ओढणाऱ्यांइतकीच सापडली. ‘ऑफिसात व्हेप (म्हणजे ई-सिगारेटच), रात्री मित्रांसोबत दोन सिगारेटी’ हा प्रकार मी सर्वांत जास्त ऐकते. त्या माणसाला वरचे ९७ टक्के लागू होत नाहीत.

आणि कधीच काही न ओढलेल्या माणसासाठी हा प्रश्नच चुकीचा आहे. त्याची तुलना सिगारेटशी नाही, स्वच्छ हवेशी करायला हवी. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या बाजूची हवा तशीही फार स्वच्छ नाही, असं कोणी म्हणेल. मग त्यात भर घालायचं काय कारण?

हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर काय परिणाम होतो?

इथे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. दोन्ही २०१९ चे, दोन्ही रक्तवाहिन्यांच्या लवचिकपणाचे. पद्धतही मिळतीजुळती. दंडाला किंवा मांडीला बीपीसारखा पट्टा आवळून रक्त काही मिनिटं अडवायचं, मग एकदम सोडायचं. निरोगी धमनी त्या क्षणी छान फुगते. ती किती फुगली, ते सोनोग्राफीने किंवा एमआरआयने मोजतात.

पहिला अभ्यास अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा. कधीच सिगारेट न ओढलेल्या ३१ निरोगी तरुणांना निकोटीन नसलेल्या ई-सिगारेटचे १६ झुरके दिले. मांडीतली धमनी आधीच्या तुलनेत ३४ टक्के कमी फुगली. निकोटीनचा थेंब नसताना. हा परिणाम त्या वेळेपुरता होता, पण ‘बिननिकोटीनचं आहे, काही होत नाही’ हे म्हणणं त्याने खोटं ठरवलं.

दुसरा स्कॉटलंडमधल्या डंडीचा. दिवसाला किमान १५ सिगारेटी ओढणारे ११४ जण. त्यातले काही ई-सिगारेटवर गेले आणि महिन्याभरात त्यांच्या धमन्या आधीपेक्षा चांगल्या फुगू लागल्या.

एका अभ्यासात धमनी बिघडली, दुसऱ्यात सुधारली. म्हणून कोणी एक खोटं बोलतंय असं नाही. पहिल्यातली माणसं निरोगी होती आणि घसरली. दुसऱ्यातली आधीच खोल खड्ड्यात होती आणि थोडी वर आली. तुमचा मुलगा यांपैकी कोणासारखा आहे, ते तुम्हीच सांगा.

याखेरीज निकोटीनने नाडीचा वेग आणि बीपी लगेच वाढतं, हे अनेकदा सिद्ध झालं आहे. ज्यांची अँजिओप्लास्टी झाली आहे किंवा बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी हे हलक्यात घेऊ नये.

ई-सिगारेटने हार्ट अटॅक येतो, असं वाचलं होतं. खरं आहे का?

ज्या निबंधाच्या आधारे ही बातमी जगभर फिरली, तो फेब्रुवारी २०२० मध्ये त्या नियतकालिकाने मागे घेतला. त्यात मोजलेले काही हार्ट अटॅक संबंधित माणसाने ई-सिगारेट हातात घेण्याच्या आधीच येऊन गेलेले होते. निबंध मागे घेतला म्हणजे ई-सिगारेट हृदयाला सुरक्षित ठरली, असाही अर्थ नाही. त्या एका पुराव्यावर विसंबू नये, इतकंच.

आणि फुप्फुसांवर?

२०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत तरुण मुलं धाप, खोकला, ताप आणि उलट्या घेऊन दवाखान्यात येऊ लागली. सुरुवातीला न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक दिलं गेलं, पण उतार पडेना. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण एकतर भरती झाले होते किंवा दगावले होते. मृत्यू ६८.

कारण शोधायला डॉक्टरांनी दुर्बिणीतून फुप्फुसात सलाइन सोडलं आणि ते परत ओढून तपासलं. ५१ पेशंटपैकी ४८ जणांच्या त्या पाण्यात ‘व्हिटॅमिन ई ॲसिटेट’ सापडलं. तुलनेसाठी घेतलेल्या ९९ निरोगी लोकांपैकी एकाच्याही नाही. हे तेलकट द्रव्य गांजाच्या अर्काचं लिक्विड दाट दिसावं म्हणून मिसळलं जात होतं, आणि बहुतेक पेशंटनी गांजाच्या अर्काचं, त्यातही चोरट्या बाजारातलं लिक्विड ओढलं होतं. क्रीममध्ये ते त्वचेला चालतं, गोळीतून पोटात चालतं. फुप्फुसात नाही.

‘ती गांजाची भानगड होती, साध्या व्हेपशी संबंध नाही’ असं मुलं मला सांगतात. पहिला भाग बराचसा बरोबर आहे. पण चोरट्या बाजारातून, कोणी भरलंय ठाऊक नसलेलं लिक्विड घ्यायचं, ही तिथली परिस्थिती आपल्याकडे तर प्रत्येक पॉडला लागू आहे.

दीर्घकाळाचं म्हणाल तर, दोन-तीन वर्षं पाठपुरावा केलेल्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत सिगारेटचा परिणाम वजा करूनही ई-सिगारेट वापरणाऱ्यांमध्ये दमा, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) यांसारखे आजार जास्त आढळले. कॅन्सरबद्दल निकाल द्यायला अजून पुरेशी वर्षंच गेलेली नाहीत. सिगारेटचा कॅन्सर दिसायला दोन-तीन दशकं लागतात आणि ई-सिगारेट बाजारात येऊन जेमतेम तेवढाच काळ झाला आहे.

फ्लेवर तर खाण्याचेच असतात. त्यांनी काय होणार?

खाण्यात चालणारं श्वासात चालतंच असं नाही. लोण्याच्या वासाचं डायअसेटिल हे रसायन घ्या. अमेरिकेतल्या मिसूरी राज्यात पॉपकॉर्नच्या कारखान्यात ते हुंगून कामगारांच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या कायमच्या आकसल्या. हे २००० मध्ये उघडकीला आलं. पुढे हार्वर्डच्या संशोधकांनी ५१ फ्लेवर तपासले, तेव्हा ३९ मध्ये डायअसेटिल सापडलं. त्याचं प्रमाण कारखान्यातल्या हवेइतकं नसतं आणि सिगारेटच्या धुरातही ते असतं, हेही सांगायला हवं. शिवाय तापलेल्या कॉइलमधून शिसं, निकेल, क्रोमियमसारखे धातू थेंबांत उतरतात, असं जॉन्स हॉपकिन्सच्या २०१८ च्या अभ्यासात दिसलं. त्या संशोधकांनी लोकांची रोजच्या वापरातली ५६ उपकरणंच तपासली होती.

सिगारेट सोडायला याचा उपयोग होतो ना? परदेशात तर डॉक्टरच देतात म्हणे.

ब्रिटनमध्ये सिगारेट सोडण्याच्या सरकारी केंद्रांत ८८६ जणांवर चाचणी झाली. कोणाला ई-सिगारेट आणि कोणाला निकोटीनचे पॅच-गम मिळणार, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं गेलं. २०१९ मध्ये निकाल आला. वर्षाअखेर सिगारेट सुटलेले ई-सिगारेटच्या गटात १८ टक्के, दुसऱ्या गटात ९.९ टक्के. दोन्हींना समुपदेशन होतंच. अशा अनेक चाचण्या एकत्र करून कॉक्रेन या संस्थेचा आढावाही सांगतो की निकोटीनवाल्या ई-सिगारेटने पॅच-गमपेक्षा जास्त लोकांची सिगारेट सुटते.

पण सुटते ती सिगारेट, निकोटीन नव्हे. याच ब्रिटिश चाचणीत सिगारेट सुटलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. पॅच-गमच्या गटात ते वापरत राहिलेले फक्त ९ टक्के. २०२४ मध्ये आलेल्या स्विस चाचणीत १,२४६ जण होते. सहा महिन्यांनी ई-सिगारेट दिलेल्यांपैकी २८.९ टक्के आणि नुसतं समुपदेशन मिळालेल्यांपैकी १६.३ टक्के सिगारेटमुक्त होते. निकोटीनपासूनच मुक्त किती, असं विचारल्यावर पारडं फिरलं. ई-सिगारेटच्या गटात २०.१ टक्के, दुसऱ्या गटात ३३.७.

आपल्याकडे हा मार्ग कायद्याने बंद आहे आणि तपासलेला मालही मिळत नाही. तेव्हा नागपुरातल्या सिगारेट ओढणाऱ्याला मी पॅच, गम, बुप्रोपिऑन किंवा व्हॅरेनिक्लिन यांपैकी काय सोसेल ते बघून सुचवते. शेवटच्या दोन गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्या नाहीत.

मी सिगारेट ओढत नाही, खर्रा खातो. व्हेपवर आलो तर खर्रा सुटेल का?

या प्रश्नाचं उत्तर लंडनहून येणार नाही, आपल्यालाच द्यावं लागेल. वर सांगितलेल्या चाचण्यांतली माणसं सिगारेट ओढणारी होती. महाराष्ट्रात २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के निघाले आणि बिनधुराचा तंबाखू खाणारे २४.४ टक्के. विदर्भात तर पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना टाकून घोटलेला खर्रा हाच मुख्य नाद. त्या माणसाला ‘सिगारेटपेक्षा कमी घातक’ हे वाक्य काय कामाचं?

खर्र्यात दोन वेगळे शत्रू आहेत. तंबाखूचं निकोटीन आणि कॅन्सरकारक द्रव्यं हा एक, आणि सुपारी हा दुसरा. सुपारीने गालाची आतली त्वचा कडक होत जाते, तोंड उघडेनासं होतं, तिखट लागलं की आग होते. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि त्यातून पुढे तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. व्हेपने यातलं काहीच भरून येत नाही. उलट खर्रा खाणाऱ्याची फुप्फुसं तोवर वाचलेली असतात. व्हेप घेतला की तिथेही वाट उघडते. आणि खर्रा सुटतोच असंही नाही. मी पाहते त्यांच्यात बहुतेकांचं दोन्ही चालू राहतं, कारण खर्र्याची सवय हाताची, दाताची, गालात धरून ठेवण्याची असते. वाफेने ती भागत नाही.

घरी एक तपासणी करा. मधली तीन बोटं एकत्र धरून उभी तोंडात जातात का, ते बघा. जात नसतील तर व्हेपचा विचार बाजूला ठेवा आणि शासकीय दंत महाविद्यालयात किंवा तुकडोजी पुतळ्याजवळच्या कॅन्सर हॉस्पिटलात तोंड दाखवून या. तोंड कमी उघडणाऱ्याला निकोटीन गम चघळणंही जड जातं. त्याला पॅच बरा पडतो.

मुलाच्या बॅगेत पेनड्राइव्हसारखं काहीतरी सापडलं. आता?

आधी ओरडू नका. किती दिवसांपासून, दिवसातून किती वेळा, आणि सकाळी उठल्या-उठल्या लागतं का, हे विचारा. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर निकोटीनचं व्यसन जडलं आहे असं समजा. मग ‘मनावर घे, सुटेल’ एवढ्याने भागत नाही.

काळजी खरी आहे. मेंदूची घडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते आणि त्या वयात निकोटीनची पकड लवकर बसते. २०१७ मध्ये अनेक अमेरिकन अभ्यास एकत्र मांडले, तेव्हा दिसलं की ई-सिगारेट चाखलेल्या मुलांपैकी सुमारे ३० टक्के पुढे सिगारेटकडे वळले. न चाखलेल्यांपैकी सुमारे ८ टक्के. यातली काही मुलं तशीही सिगारेटकडे गेली असती, हा आक्षेप रास्त आहे. पण घरातलं वातावरण, मित्रमंडळी वगैरे हिशेबात घेऊनही फरक उरला.

मदत मिळते, आणि तिचा पुरावाही आहे. २०२५ मध्ये १६ ते २५ वर्षांच्या २६१ जणांची चाचणी प्रसिद्ध झाली. ही मुलं रोज किंवा जवळपास रोज व्हेप ओढणारी होती, सिगारेटची सवय नसलेली. व्हॅरेनिक्लिन आणि समुपदेशन मिळालेल्यांपैकी ५१ टक्के मुलं उपचाराच्या शेवटच्या महिन्यात व्हेपपासून दूर होती. समुपदेशनासोबत औषध नसलेली खोटी गोळी मिळालेल्यांत १४ टक्के. सहा महिन्यांपर्यंत टिकलेले अनुक्रमे २८ आणि ७ टक्के. अठराच्या आतल्या मुलांना ही गोळी द्यायची की नाही, ते डॉक्टरच ठरवतील.

घरात लहान बाळ आहे. नुसतं ठेवलं तर चालेल का?

नाही. लिक्विडला गोड वास असतो आणि थोडंसं पोटात गेलं तरी बाळाला निकोटीनची विषबाधा होऊ शकते. प्यायलं असेल तर उलटी काढत बसू नका, बाटली सोबत घेऊन थेट मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांपैकी एक गाठा. बॅटरीचंही तसंच. अमेरिकेत २०१५ ते २०१७ मध्ये ई-सिगारेट फुटून किंवा भाजून इमर्जन्सीत आलेल्यांची संख्या अंदाजे २,०३५ होती. मे महिन्यात उन्हात उभ्या कारच्या डॅशबोर्डवर लिथियमची बॅटरी ठेवणं तर अजिबात नको.

डॉक्टरांना सांगायलाच हवं का? तपासणीत कळत नाही का?

सांगायलाच हवं, कारण बरेचदा कळत नाही. सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासात कार्बन मोनॉक्साइड सापडतो. व्हेपमध्ये काही जळत नसल्याने ते यंत्र कोरंच राहतं. रक्तात, लघवीत किंवा लाळेत कोटिनीन, म्हणजे निकोटीनपासून शरीरात बनणारं द्रव्य, तपासलं तर निकोटीन घेतल्याचं कळतं, पण ते व्हेपचं की खर्र्याचं हे नाही. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणून मोकळं होऊ नका. ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर नक्की सांगा. हिरड्यांबद्दलही एक लक्षात ठेवा. निकोटीनने तिथला रक्तपुरवठा आकसतो, त्यामुळे आजार असूनही रक्त येत नाही आणि सगळं ठीक वाटतं.

नागपुरात अशा संशोधनात भाग घ्यायचा असेल तर?

बंदीमुळे इथे लोकांना ई-सिगारेट देऊन चाचणी करणं अवघड आहे. पण जे आधीच वापरतात त्यांची तपासणी, किंवा सोडवण्याच्या उपचारांचा अभ्यास होऊ शकतो. आणि तो इथल्या खर्रा खाणाऱ्यांचा, व्हेप ओढणाऱ्यांचा व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं. कोणी विचारलं तर तीन गोष्टी बघा. संस्थेच्या नैतिक समितीची मंजुरी आहे का? चाचणी असेल तर ती भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली आहे का? २००९ पासून ही नोंद सक्तीची आहे. संमतीपत्र तुम्हाला कळेल अशा मराठीत आहे का? मध्येच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला असतो आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. भाग घेण्यासाठी पैसे मागितले तर सही करू नका.

आजच सोडायचं ठरवलं तर सुरुवात कुठून करू?

राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ वर फोन करा, तो मोफत आहे. ओपीडीसाठी मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात. चिडचिड होते, झोप लागत नाही, सारखं खावंसं वाटतं. दोन ते चार आठवड्यांत हे बरंच ओसरतं. तलफेची एक लाट साधारण काही मिनिटांची असते. तेवढा वेळ पाणी प्या, चालून या, कोणाला तरी फोन लावा. येताना पॉड किंवा बाटली घेऊन आलात तर आम्हाला त्यावरचं निकोटीनचं प्रमाण बघून पॅच किंवा गमचा डोस ठरवायला सोपं जातं. छापलेल्या आकड्यावर पूर्ण भरवसा नसला तरी अंदाज येतो.